परळच्या चाळीतलं काळीज

परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीला हृदयविकार कळला तो बापांच्या आणि काकांच्या जाण्यातून. पन्नाशीला टेकलेला माणूस गिरणीतली तिसरी पाळी संपवून घरी यायचा, सदरा खुंटीला लावायचा, पाणी मागायचा आणि तांब्या येईपर्यंत संपलेला असायचा. गॅलरीत जमलेले शेजारी म्हणायचे, 'हार्टफेल झालं.' वडीलधारी माणसं म्हणायची, 'पुण्यवान, अंथरुणाला खिळला नाही.' त्याची बायको चाळिशीची असायची आणि धाकटं पोर तिसरीत. तेरावं उरकलं की ती बाई चुलीवर दुप्पट भात चढवायची, कारण आता खानावळ घातल्याशिवाय घर चालणार नसायचं. आमच्या घरातून असे तिघे गेले: आजोबा, मोठे काका आणि आत्याचे यजमान. जाण्याआधी काही दिवस तिघांचीही जिना चढताना छाती भरून येत होती. तिघांनाही गॅस धरला म्हणून हिंगाचं पाणी दिलं गेलं होतं.

विज्ञान तसं आमच्या उंबऱ्यापाशी आलं होतं. केईएम इस्पितळ चालत जाण्याच्या अंतरावर. १६ फेब्रुवारी १९६८ ला तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं. केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला, पण नाक्यानाक्यावर चर्चा रंगली. वडील सांगायचे, पाळी सुटल्यावर माणसं इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन नुसती उभी राहिली होती. त्या वर्षी आमच्या घरात एकाचाही रक्तदाब कधी मोजलेला नव्हता.

आणि परळच्या पूर्वेला शिवडी. वनस्पती तुपाचा मोठा कारखाना तेव्हा तिथेच, आणि १९३७ पासून घराघरांत गेलेला डालडा तिथलाच. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. डबा रिकामा झाला की त्यात तांदूळ भरायचे, जुना झाला की तुळस लावायची, आणखी जुना झाला की तो नळावरच्या रांगेत आपली जागा धरायचा. खरं तूप गणपतीतल्या मोदकांपुरतं आणि बाळंतिणीपुरतं. दिवाळीच्या करंज्या, शंकरपाळे, चिरोटे सगळं डालड्यात. त्याने पदार्थ खुसखुशीत होतो, महिनाभर टिकतो, खवट होत नाही, असं आजी अभिमानाने सांगायची आणि ते खरंच होतं. वनस्पती तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडला की पातळ तेल घट्ट होतं आणि टिकतं. त्याच प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं. ते रक्तातलं घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतं आणि वर उपकारक एचडीएल उतरवतं. असं दुहेरी नुकसान साजूक तूपही करत नाही. तुपातली भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचं तेल मिसळायची सक्ती सरकारने फार पूर्वीच केली होती. रक्तवाहिन्यांसाठीचा कडक नियम यायला मात्र २०२२ उजाडलं. त्या वर्षापासून आपल्या देशात तेलात आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. आजीच्या हातच्या त्या करंज्या आठवल्या की आजही जिभेला पाणी सुटतं आणि त्याच वेळी मोठ्या काकांचा चेहरा समोर येतो.

तेलाची कथा वेगळी. गोडेतेल म्हणजे शेंगदाण्याचं. किटली घेऊन जायचं आणि वाण्याकडून मापाने आणायचं. १९७२ च्या दुष्काळानंतर तेही मिळेना. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मोर्चे काढले तेव्हा मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या मागे आमची आजी, आत्या आणि चाळीतल्या झाडून साऱ्या बायका लाटणी घेऊन चालल्या. मग रेशनवर पामतेल आलं, थंडीत थिजणारं. तेलाचा थेंब वाया घालवायचा नाही ही शिकवण इतकी खोल गेली की वड्यांचं तळलेलं तेल गाळून, पुन्हा तळणीला घेऊन, शेवटी फोडणीत संपवलं जायचं. काळं पडेपर्यंत तापवलेलं तेल शरीराला बरं नाही, हे आज कुणीही सांगेल. पण पाच रुपयांत आठवडा काढणाऱ्या बाईला ते सांगायला कुणी फिरकलं नाही. तिच्याकडे दुसरं तेल नव्हतं.

याच बायका अख्ख्या गिरणगावाला जेवू घालत होत्या. गावाकडून एकटा आलेला कामगार दहाबारा जणांत खोली घेऊन राहायचा आणि जेवायला खानावळवालीकडे यायचा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या पाशातून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आमची मोठी काकू त्यातली. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणारी, तिन्ही पाळ्यांची जेवणं सांभाळणारी. सगळे जेवले की उरलेल्या रश्शात भात कालवून ती उभ्याउभ्याच खायची.

कोलेस्टेरॉल घरात आलं ते धाकट्या काकांबरोबर, आम्ही डोंबिवली, कळवा, विरारला पांगल्यावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचं जगणं उखडलं गेलं. जे गिरणीतून बाहेर पडले ते रिक्षा चालवू लागले, वॉचमन झाले, काही नुसते घरी बसले. धाकट्या काकांचं नशीब, त्यांना एका कचेरीत नोकरी लागली आणि कचेरीनेच वार्षिक तपासणी केली. आदल्या रात्रीपासून बारा तास पोटात काही नाही, सकाळी रक्त, संध्याकाळी कागद. एकूण कोलेस्टेरॉल अडीचशेच्या वर. तो कागद आमच्या घरात बोर्डाच्या निकालासारखा हातोहात फिरला. सगळ्यांनी आकडा पाहिला, हळहळले आणि मोर्चा वळवला स्वयंपाकघराकडे.

मग काय काय बंद झालं! नारळ बंद. कोकणी घरात नारळ बंद म्हणजे काय, ते ज्याने बिनखोबऱ्याची माशाची आमटी खाल्ली आहे त्यालाच कळेल. अंड्याचा पिवळा बलक काढून मुलांना द्यायचा, पांढरं काकांना. शेंगदाण्याचं तेल जाऊन करडईचं आलं, कारण त्यावर हृदयाचं चित्र होतं. शेंगदाण्याची चटणी, काजू, दुधाची साय, सगळ्यावर फुली. काकांसाठी वेगळी आमटी, वेगळी भाजी. वेगळं करणारी काकूच.

यातलं काही बरोबर होतं, काही चूक. कोलेस्टेरॉल प्राणिज अन्नातच असतं. शेंगदाण्यात, खोबऱ्यात, कुठल्याही वनस्पती तेलात ते कधी नव्हतंच. तेव्हा तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असं ठळक छापलेलं असतं त्याने काहीच कळत नाही. पाहायचं ते संपृक्त चरबी किती आहे हे, आणि ती खोबरेलात, पामतेलात, तुपात भरपूर असते. शेंगदाण्याच्या तेलात त्या मानाने कमी, म्हणजे त्याला उगीच हाकललं. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल पुष्कळ, पण आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. पेशींची आवरणं, पित्तरस, संप्रेरकं या सगळ्यासाठी शरीराला ते लागतंच. म्हणून काटकुळा, शाकाहारी, बलक न खाणारा माणूसही एलडीएल दोनशे घेऊन फिरू शकतो. ते त्याच्या रक्तात वारशाने आलेलं असतं. आज उलट वारं सुटलंय. तूप हवं तेवढं खा, खोबरेल हे औषध आहे, असे संदेश रोज सकाळी फोनवर येतात. वरणभातावर चमचाभर तूप घ्यावं, तो आनंद कुणी हिरावू नये. पण त्याने नाडी शुद्ध होते हे मला मान्य नाही.

खरी गोष्ट अशी की चर्चा ताटावरच अडकली. धाकटे काका बिनखोबऱ्याची आमटी जेवायचे आणि हात धुवून तळहातावर तंबाखू-चुना मळायला बसायचे. त्यावर घरात कुणी ब्र काढला नाही. बिडी, तंबाखू हा गिरणीतल्या माणसाचा हक्काचा विसावा मानला जायचा. बायकांची मशेरी तर कुणाच्या गणतीतच नव्हती. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो ठसका, घरभर पसरणारा, आम्हा मुलांना पहाटेच्या झोपेतून उठवणारा वास. आजी, आत्या, काकू तिघी गॅलरीच्या कोपऱ्यात बसून दातांना मशेरी लावायच्या. दिवसातला तेवढाच वेळ त्या स्वतःसाठी बसलेल्या दिसायच्या, म्हणून आम्हाला तो कोपरा प्रिय होता. ५२ देशांत झालेला इंटरहार्ट अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागचा बहुतांश धोका नऊ गोष्टींत सामावतो: रक्तातली चरबी, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळांची कमतरता, बैठेपण आणि मद्याशी संबंधित सवयी. पुढे त्याच संशोधकांनी दाखवलं की बिडी न ओढता नुसता तंबाखू चघळणाऱ्यांचाही धोका दुपटीच्या घरात जातो. आणि आपल्या भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास येतो. मोठे काका गेले तेव्हा बावन्न वर्षांचे होते, संपानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात.

धमनीत होतं काय, ते आम्हाला पुष्कळ उशिरा कुणीतरी नीट समजावलं. एलडीएलचे कण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात आणि तिथे साचत जातात. रक्तदाब, साखर, तंबाखू हे अस्तर दुखावतात, मग साचणं वाढतं. हे पन्नाशीत सुरू होत नाही, विशी-तिशीतच सुरू झालेलं असतं. एक दिवस त्या साचलेल्या थराला चीर जाते, त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाट बंद. त्यामुळे आकडा किती एवढंच महत्त्वाचं नाही, तो किती वर्षं तसा राहिला हेही तितकंच. आपल्याकडच्या अहवालात बऱ्याचदा एकूण कोलेस्टेरॉल ठीक दिसतं, पण ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी दीडशेच्या वर आणि एचडीएल पुरुषात चाळिसाच्या, बाईत पन्नासाच्या खाली. एकूण आकड्यावर बोट ठेवून 'नॉर्मल आहे' म्हणणारी घरं तिथे फसतात. एलडीएल निरोगी माणसाचं शंभराच्या आत असावं, मधुमेहासारखा मोठा धोका असेल तर सत्तरच्या, आणि एकदा झटका येऊन गेला असेल तर पंचावन्नच्या.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची गोष्ट मला फार लोभसवाणी वाटते. जपानमध्ये अकिरा एंडो नावाचा शेतकऱ्याचा मुलगा बुरशीतून औषध शोधत बसला. हजारो बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये त्याला हवं ते सापडलं ते क्योतोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर चढलेल्या निळसर बुरशीत. यकृताचा कोलेस्टेरॉल बनवण्याचा वेग मंदावणारं ते द्रव्य. या जातीच्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिलं स्टॅटिन विक्रीला आलं. १९९४ च्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत ४४४४ हृदयरुग्णांना घेऊन पाहिलं, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. आज तशी गोळी नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळते. धाकट्या काकांना डॉक्टरांनी ती लिहून दिली, आकडा उतरला, आणि 'आता नॉर्मल आलंय' म्हणून त्यांनी ती सोडली. घरोघरी हेच घडतं. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. गोळी सोडली की काही आठवड्यांत तो पुन्हा जागेवर. काही जणांचे स्नायू दुखतात, तेव्हा डॉक्टरांशी बोलून मात्रा किंवा गोळी बदलावी. परस्पर बंद करू नये. काकांना दोन वर्षांनी झटका आला, ते वाचले. तेव्हापासून गोळी रोज घेतात. तंबाखूही सुटला, पण तो गोळीने किंवा धाकाने नाही. डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' कुणीतरी इस्पितळात आणून दिलं होतं. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी आयुष्य दिलेल्या डॉक्टरलाही चाळिशीत झटका येऊ शकतो आणि तो स्वतःची जगण्याची रीत बदलतो, हे वाचून काकांनी पुडी खिडकीतून टाकली आणि पहाटे चालायला लागले. सुनेने दिलेला दम इतक्या वर्षांत जे करू शकला नव्हता ते पुस्तकाने केलं.

आता काकूबद्दल सांगते, कारण या सगळ्यात तिचा कागद कुठेच नाही. मोठी काकू, खानावळवाली. घरातल्या पुरुषांची रक्तं तपासली गेली, त्यांच्यासाठी तेल बदललं, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या. तिचं रक्त कुणी काढलं नाही. कधी विषय निघालाच तर ती म्हणायची, 'सकाळी उपाशी जाऊन बसायला मला वेळ कुठाय बाबा.' हरतालिका निर्जळी करणारी, मंगळवार, शनिवार, एकादशी धरणारी बाई. बारा तास उपाशी राहणं तिला जड नव्हतं. जड होती सकाळ, जी सगळी दुसऱ्यांची होती. आणि मनात कुठेतरी आम्हा सगळ्यांचीच समजूत होती की हृदयविकार बापय माणसांचा. पाळी जाईपर्यंत बाईला थोडं संरक्षण असतं हे खरं, पण ते त्यानंतर ओसरतं आणि एलडीएल वाढू लागतं. काकूची पाळी गेली त्या वर्षी तिची मशेरी दिवसातून चारदा होती, रक्तदाब कुणाला ठाऊक नव्हता आणि झोप पाच तास.

एका संध्याकाळी तिच्या जबड्यात दुखायला लागलं. दात असेल म्हणून तिने लवंग धरली. मग घाम, मळमळ, पाठीत कळ. 'पित्त झालंय' म्हणाली आणि सोडा घेऊन रात्रीच्या भाकऱ्या करायला बसली. छातीत दुखणं हेच बायकांतही मुख्य लक्षण असतं, पण त्यांना धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, कारण नसताना येणारा गळाठा हे पुरुषांपेक्षा अधिक वेळा होतं. ते पित्ताच्या, पाळीच्या, दगदगीच्या नावावर खपतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ईसीजी निघाला तोवर हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग गेला होता. पुढे ती काही वर्षं जगली, पण जिना चढू शकली नाही आणि तिला ओट्यासमोर स्टुलावर बसवावं लागायचं. तिला विचारलं तर म्हणायची, मला काही होत नाही, तुझ्या काकाचं बघा. धाकट्या दिराबद्दल बोलत असायची ती.

मला काकूबद्दल दुःख आहे तितकाच रागही आहे, आणि तो कुणा एका माणसावर नाही. ज्या स्वयंपाकघराला आम्ही हृदयविकाराचं मूळ ठरवलं, तिथल्या बाईला फक्त आचारी समजलो. तूप किती, तेल किती, नारळ किती याचा जाब तिला विचारला आणि तिची नाडी कुणी धरली नाही.

आमची पिढी आता त्याच वयात पोचली आहे. भावंडांच्या फोनवरच्या गटात लग्नांच्या फोटोंबरोबर रक्ताचे अहवालही येतात. घरात तीन माणसं कमी वयात गेली म्हणून आम्ही सगळ्यांनी लायपोप्रोटीन-ए या रक्तातल्या, एलडीएलसारख्याच कणाची तपासणी एकदा करून घेतली. त्याचं प्रमाण वारशाने येतं, आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. आमच्यातल्या काहींचं जास्त निघालं, आणि आजोबांच्या पाणी मागण्याचा अर्थ इतक्या वर्षांनी लागल्यासारखं वाटलं. तेलाचा हिशेब महिन्याला माणशी अर्धा लिटर. शेंगदाण्याचं तेल परत आलं, नारळही आला, रोजच्या किसाऐवजी बेताने. बांगडा, सुरमई तळण्याऐवजी आमटीत. तंबाखू एकाही घरात नाही, आणि आम्ही भावंडांनी मिळून काही केलं असेल तर हेच सर्वांत मोठं.

भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये लिपिडविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दोन गोष्टी आमच्या घराला थेट लागू पडतात. पहिली, तपासणी अठराव्या वर्षी, आणि घरात लवकर झटके आलेले असतील तर त्याआधीच सुरू करावी. दुसरी, पहिल्या चाचणीला उपाशी राहण्याची गरज नाही. ट्रायग्लिसराइड फार जास्त आलं तरच पुन्हा उपाशीपोटी करायची. म्हणजे सकाळ मोकळी नसलेल्या बाईला दुपारी जेवून, भांडी आवरून, चार वाजता रक्त देता येतं.

या गणपतीत सगळे गावी जमणार आहोत. वहिन्यांची, जावांची, भाच्यांची यादी धाकट्या भावजयीने केली आहे. तालुक्याच्या प्रयोगशाळेतला मुलगा तिसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन रक्त घेणार, रक्तदाब तिथेच मोजणार. यादीत पुरुषांची नावं दुसऱ्या पानावर आहेत. स्वयंपाकघराच्या दारामागे १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून लावला आहे, आणि त्याखाली भावजयीने लिहिलंय: जबडा, पाठ, धाप, घाम, मळमळ, सोडा घेऊन वाट बघायची नाही.